डिफेंडर असूनही व्हर्जिल व्हॅन डाइकला बाकीचे खेळाडू एवढं का मानतात?

तुमचं म्हणणं असं की हा गोल करत नाही, याच्या ड्रिबलिंगच्या क्लिप कुणी फिरवत नाही, मग समोरच्या संघातल्यांना त्याच्यात एवढं काय दिसतं?

एक प्रसंग सांगतो. ३१ मार्च २०१९, लिव्हरपूलचं घरचं मैदान अ‍ॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. १-१ बरोबरी, सामना संपायला पाचेक मिनिटं. टॉटनहॅमचा सिसोको बॉल घेऊन सुटला, सोबत त्यांचाच सोन, आणि आडवा लिव्हरपूलचा एकटा व्हॅन डाइक. अशा वेळी आपण बॉलवर तुटून पडतो. (रविवारी टर्फवर मी बॅकला खेळतो. दर वेळी पडतो, दर वेळी फसतो.) त्याने पाय घातलाच नाही. सोनकडे जाणारा पास झाकत तो मागे मागे सरकत राहिला. शेवटी सिसोकोला डाव्या, म्हणजे कच्च्या पायाने मारावं लागलं आणि बॉल बारवरून गेला. पुढे ९०व्या मिनिटाला टॉटनहॅमने स्वतःच्याच जाळ्यात बॉल घातला आणि लिव्हरपूल २-१ ने जिंकलं. स्कोअरकार्डात त्या मागे सरकण्याची कुठेच नोंद नाही. पण सोनसारखा नेमबाज नुसता पासची वाट बघत राहिला, हे खेळणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

महिन्याभरात पीएफएचा, म्हणजे इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेचा, वर्षातला सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. तिथे मतं खेळाडूच देतात. २००५ च्या जॉन टेरीनंतर एकाही डिफेंडरला तो मिळाला नव्हता. त्याच वर्षी बॅलन डी'ओरला, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराला, जिथे मतं पत्रकारांची, मेस्सीचे ६८६ गुण आणि याचे ६७९. मेस्सीपुढे सात गुणांनी हरणं यात लाज कसली, पण मला तरी तेव्हा चुटपुट लागली होती.

आणि हो, गोल करत नाही हेही अर्धंच खरं. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने त्याला साडेसात कोटी पौंडांना घेतलं, तेव्हा डिफेंडरसाठी एवढे पैसे म्हणून बरीच थट्टा झाली. पहिल्याच सामन्यात, तोही त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी एव्हर्टनविरुद्ध, याच्याच हेडरने निकाल लागला. २०२४ च्या लीग कपच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्धही तेच, ११८व्या मिनिटाला.

कधीकधी तो आळसावल्यासारखा दिसतो, हे मला मान्य आहे. धावायची वेळच येऊ नये अशा जागी तो आधीच उभा असतो, म्हणून तसं वाटतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये त्याचा गुडघा गेला आणि तो उरलेल्या मोसमाला मुकला. बाकीचे सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारेही, जायबंदी होते, त्यामुळे सगळं खापर त्या एका गुडघ्यावर फोडता येणार नाही. पण २०२१ च्या सुरुवातीला लिव्हरपूल अ‍ॅनफिल्डवर लीगचे सलग सहा सामने हरलं. त्याआधी तिथे लीगचे सलग ६८ सामने ते हरलेच नव्हते.