पाळकसाहेबांचा मुलगा चर्चला येत नाही

"ताई, चर्चच्या अख्ख्या मंडळीला मी वचन सांगतो, आणि माझाच पोरगा रविवारी अंथरुणातून उठत नाही." नगर, सोलापूर, साताऱ्याकडचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुधा हेच घेऊन. त्यातल्या एकाची गोष्ट ओळख पटणार नाही अशी बदलून सांगते. वय पंचेचाळीसच्या आसपास, वडीलही पाळक, मुलगा पंधरा वर्षांचा.

मुलाबद्दल मी आधी विचारतच नाही, आधी बाप विचारते. माझी ती पद्धतच आहे आणि ती मला क्वचितच दगा देते.

"वडिलांकडून काय शिकलात?"

उत्तर तोंडपाठ होतं. पाळकाचं दार रात्रीही उघडं असावं. मयतीच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचावं. घरचं गाऱ्हाणं मंडळीपुढे नेऊ नये.

"हे त्यांनी बसवून सांगितलं?"

"छे! बाबा घरात बोलायचे कुठे? बघून बघूनच शिकलो."

"मग बघून आणखी काय शिकलात?"

साहेब बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आपला नंबर शेवटी लागतो, हे."

पुढच्या खेपेला ते स्वतःलाच शिक्षा ठोठावून आले. म्हणाले, "मी एलीच आहे. त्याचे हफनी आणि फिनहास बिघडले, तो काही करू शकला नाही." एली म्हणजे बायबलमधला याजक, हफनी आणि फिनहास हे त्याचे मुलगे. पाळकांशी बोलताना पवित्र शास्त्र त्यांच्यापेक्षा वेगळ्या बाजूने उघडावं लागतं. मी विचारलं, "शमुवेल संदेष्टा कोणाच्या हाताखाली वाढला?" "एलीच्याच." "आणि शमुवेलाची मुलं?" ते थबकले. योएल आणि अबीया, दोघंही लाच खाणारे. एलीचं घर कसं बुडालं हे शमुवेलाने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बाप होणं तो त्याच घरात शिकला होता, दुसरं घर त्याला ठाऊकच कुठे होतं? साहेबांनी हे डायरीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण "वडिलांचं चुकलं" एवढ्यावर थांबलं तर माणूस रिकामा होतो. ना. वा. टिळकांचे वडील कडक, आई मायाळू. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने पुढे भजनांत ख्रिस्ताला माउली म्हटलं. संतांची भाषा त्यात आहेच, पण घरात जिथे ऊब मिळाली तिथूनच देवासाठी शब्द येतो, असं माझं मत आहे. म्हणून साहेबांना विचारलं, "बाबांची ऊब कुठे मिळाली?"

"नाहीच." मग जरा वेळाने, "सायकलवर."

शनिवारी बाबा खेड्यांवर जायचे, हा मागे कॅरिअरवर. पॅडल मारता मारता बाबा उद्याचा उपदेश मोठ्याने म्हणून पाहायचे आणि मागे न वळता विचारायचे, "कळलं का रे?" हा "नाही" म्हणाला की तेवढा भाग गळायचा. "सात-आठ वर्षांचा होतो मी, ताई. बाबा माझं ऐकून उपदेश बदलायचे!" आणि पंचेचाळीस वर्षांचा माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. पाण्याचा पेला पुढे करण्यापलीकडे मी काही केलं नाही.

दार, मयत, गाऱ्हाणं हे वडिलांचे धडे त्यांना पाठ होते. त्यांना पाळक केलं होतं कॅरिअरने, आणि ते घरच्या हिशेबात कधी मांडलंच गेलं नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्याच पाळकांना मी सांगते, "मंडळी काय म्हणेल" हे मुलासमोर बोलू नका. त्यातून त्याला एवढंच कळतं की घरातसुद्धा मंडळी त्याच्या आधी आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ मुलासाठी ठेवा आणि कमिटीला ती उघड सांगा. मयत झाली तर जा, पण मुलाला सांगून जा. महिनाभर चर्चला चल म्हणू नका. आणि त्याला काही विचाराल तर त्याच्या उत्तराने तुमचं काहीतरी बदलू द्या, नुसतं विचारण्याला मुलं भुलत नाहीत.

दोन महिन्यांनी साहेब आले. शनिवारी मुलगा अंगणात बाइक पुसत होता, यांनी शेजारी स्टूल टाकून उपदेश वाचला. मुलगा वर न बघता म्हणाला, "पप्पा, हे तुम्ही नाताळातपण बोललात." यांनी अख्खं पान काढून टाकलं.

"रविवारी उठतो का?" मी विचारलं.

"नाही हो. पण दुपारी जेवताना विचारलं त्याने, ते पान खरंच गाळलं का म्हणून."