फायब्रोमायल्जियामध्ये चालल्यावर दुखणे वाढते, तरी चालावे का? आणि घरकाम हा व्यायाम धरता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान होऊन दीड वर्ष झाले, डॉक्टर रोज अर्धा तास चालायला सांगतात, पण चालले की पुढचे दोन दिवस सगळे अंग ठणकते, आणि घरची मंडळी म्हणतात की दिवसभर घरकाम होतेच, वेगळा व्यायाम हवा कशाला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, परंतु सुरुवातीलाच अर्धा तास ही मात्रा तुमच्यासाठी जास्त आहे. घरच्यांचे मत मात्र मला पटत नाही.

चालल्यावर दुखणे वाढते, ही तुमची तक्रार खरी आहे. निरोगी माणसाने स्नायूंना काम दिले की मेंदू आणि मज्जारज्जूतील वेदना दाबणारी यंत्रणा जागी होते आणि काही काळ वेदना कमीच जाणवते. फायब्रोमायल्जियामध्ये ही यंत्रणा नीट चालत नाही. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील एव्हा कोसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडीचा स्नायू आवळून धरायला सांगून दाबाची वेदना मोजली, तेव्हा निरोगी स्त्रियांची सहनशक्ती वाढली आणि रुग्ण स्त्रियांची कमी झाली. तेव्हा रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून ‘मनाचे आहे’ किंवा ‘आळस आहे’ असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे.

घरकामाची अडचणही इथेच आहे. कणीक मळणे, धुणे पिळणे, मान खाली घालून ओट्यापाशी तासभर पोळ्या लाटणे, इस्त्री करणे या सगळ्यांत खांदे, मान आणि हात बराच वेळ एकाच स्थितीत आवळलेले राहतात. वर सांगितलेल्या प्रयोगात ज्या प्रकारच्या श्रमाने वेदना वाढली, तो नेमका हाच प्रकार. शिवाय घरकाम किती करायचे हे तुमचे शरीर ठरवत नाही. पाहुणे, सण आणि कामवाल्या बाईंची सुट्टी ते ठरवतात. एखाद्या दिवशी बरे वाटले की बायका माळ्यावरची भांडी घासण्यापासून फराळाच्या चकल्या पाडण्यापर्यंत सगळे एकाच दिवशी उरकतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढतात. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांमध्ये हे इतक्या वेळा दिसते की पहिल्या भेटीत मी व्यायामाआधी घरातल्या कामांची वाटणी विचारते.

याचा अर्थ रोजच्या हालचालीचा उपयोग नाही असा नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2010 मध्ये 84 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला दिवसभरात थोडी थोडी मध्यम श्रमाची हालचाल, म्हणजे चालणे, जिने चढणे, बागकाम, वाढवायला सांगितले होते. सुरुवात रोजच्यापेक्षा 15 मिनिटे जास्त अशी होती आणि ती आठवड्याला 5 मिनिटांनी वाढत 30 मिनिटांपर्यंत गेली. 12 आठवड्यांत त्या गटाची रोजची पावले सरासरी 54 टक्क्यांनी वाढली आणि वेदना व दैनंदिन कामांतील अडचण कमी झाली. थकव्यात मात्र फरक पडला नाही. ही हालचाल मोजलेली आणि पायरीपायरीने वाढवलेली होती. घरकामाला अशी मोजणीही नसते आणि पायऱ्याही नसतात.

विश्रांतीबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या 2012 मधील एका छोट्या अभ्यासात फायब्रोमायल्जिया असलेल्या स्त्रियांना आठवडाभर हालचाल मोजणारे यंत्र लावले आणि नंतर एमआरआयमध्ये उष्णतेची वेदना देत त्यांच्या मेंदूचे काम पाहिले. ज्या अधिक हालचाल करत होत्या त्यांना वेदना आवरणे अधिक जमत होते, तर ज्या सलग जास्त वेळ बसून राहत होत्या त्यांना ते कमी जमत होते. बसण्यामुळे असे होते की दुखण्यामुळे बसणे वाढते, हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरीही दुपारी दोन-तीन तास सलग पडून राहण्यापेक्षा दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात दोन मिनिटे फिरावे, असे मी सांगते.

आता चालण्याविषयी. वाईट दिवशीसुद्धा जेवढे चालल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणे वाढणार नाही, तेवढ्यापासून सुरुवात करा. तुम्हाला अर्धा तास झेपत नाही, तर 8-10 मिनिटे हा माझा अंदाज. वेळ घड्याळ ठरवील, त्या दिवशीचा उत्साह नाही. बरे वाटले तरी दहा मिनिटांची वीस करायची नाहीत, आणि नेहमीइतकेच दुखत असेल तर दहाची शून्यही करायची नाहीत. नियमित चालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींना वेळेवर थांबणेच कठीण जाते. चालणे सुरू करणे तुलनेने सोपे असते. आठवडाभर हे झेपले तर एक-दोन मिनिटे वाढवा. चालल्यानंतरचा जादा ठणका दुसऱ्या दिवशी ओसरला तर तिथेच राहा. दोन दिवसांहून अधिक टिकला तर एक पायरी मागे या. सकाळी अंग आखडलेले असते, त्यामुळे पहाटेच फिरायला जाण्याचा हट्ट नको. अकरा वाजता किंवा संध्याकाळी जमत असेल तर तेव्हा जा.

स्नायूंची ताकद वाढवण्याचा व्यायाम बहुतेक स्त्रियांना सांगितलाच जात नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. स्वीडनमध्ये फायब्रोमायल्जिया असलेल्या 130 स्त्रियांवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने आठवड्यातून दोनदा, 15 आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि दुसऱ्या गटाने शिथिलीकरणाचा. जास्तीत जास्त जेवढे उचलता येते त्याच्या 40 टक्के वजनापासून सुरुवात करून ते हळूहळू 80 टक्क्यांपर्यंत नेले होते. वजनाच्या गटात ताकद वाढली आणि दुखणे कमी झाले. काही जणींनी दुखणे वाढल्यामुळे मध्येच सोडले, आणि वर्षभराहून अधिक काळानंतर तपासले तेव्हा सुरुवातीच्या तुलनेत फायदा टिकलेला नव्हता; हा व्यायाम चालू ठेवावा लागतो. घरी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली उचलणे एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. दोन वेळांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवा.

योगासने जरूर करा, पण एकच आसन दीर्घकाळ धरून ठेवण्याऐवजी दोन-तीन श्वासांपुरते धरा. कारण पुन्हा तेच, आवळून धरणे. कोमट पाण्यातील व्यायाम अनेकींना मानवतो, फक्त आपल्याकडे कोमट पाण्याचा तलाव मिळणे अवघड.

किती फरक पडेल? एरोबिक, म्हणजे चालण्यासारख्या दमाच्या, व्यायामाच्या 13 चाचण्या आणि 839 रुग्ण यांचा 2017 मधील कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) सांगतो की वेदना शंभराच्या पट्टीवर सुमारे 11 गुणांनी कमी होते. हे थोडेच आहे. परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींत गोळ्यांसह सगळे उपचार पाहिल्यावर ठाम शिफारस फक्त व्यायामाचीच होती. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे द्या आणि चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

सुरू करण्यापूर्वी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी तपासलेले नसेल तर डॉक्टरांना विचारून तपासून घ्या, कारण यांतील कमतरतेनेही अंग दुखते आणि थकवा येतो. चालताना छातीत दुखणे, नेहमीपेक्षा वेगळा दम लागणे, सांध्यावर सूज, ताप किंवा एखाद्या हातापायातील ताकद कमी झाल्यासारखे वाटणे, यांपैकी काही आढळले तर व्यायाम थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा; ही फायब्रोमायल्जियाचीच लक्षणे असे धरून चालू नका.