दगडात दडलेला चतुर

प्रश्न : वाईला आमच्या जुन्या वाड्याच्या काळ्या भिंतीवर एक चतुर (ड्रॅगनफ्लाय) बसतो. उडाला तरच कळतं, तिथं काही होतं! हा कोणता? – एक वाचक, वाई

उत्तर : शास्त्रीय नाव ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. राखाडी अंगावर काळे-पांढरे शिंतोडे, हुबेहूब दगड! बरेच चतुर काडीच्या टोकावर बसतात. हा पंख पसरून भिंतीला सपाट चिकटतो. पंखाच्या टोकाजवळचा ठिपका नीट बघा, मधे काळपट, दोन्ही बाजूंना पांढरा. खडकातल्या पावसाच्या डबक्यात, सिमेंटच्या टाक्यांत याची मादी अंडी घालते. साताऱ्यात माझ्या परसातल्या हौदात याची पिल्लं डासांच्या अळ्या खाऊन वाढतात. हौद धुताना तळचा गाळ तेवढा जपून काढा, पिल्लं त्यातच असतात.