हर्ब ब्रुक्ससारखं कडक राहिलं तर कॉलेजचा हॉकी संघ सुधारतो का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेच्या 1980 च्या ऑलिम्पिक आइस हॉकी संघावरचा चित्रपट पाहिला, आमच्या कॉलेजच्या मुलांना टर्फवर तसंच पिळून काढलं तर चालेल का, आणि त्या संघाचा प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स खरंच इतका खडूस होता का.

खडूस होता. मिनेसोटा विद्यापीठात सात हंगामांत 1974, 1976 आणि 1979 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, पण खेळाडूंशी सलगी म्हणून ठेवली नाही. मात्र ज्याला ओरडण्यापलीकडे काही येत नाही, तोही हल्ली ब्रुक्सचं नाव पुढे करतो. ते मला अजिबात पटत नाही.

आधी ओस्लोची ती रात्र. सप्टेंबर 1979, तयारीचा सामना, नॉर्वेशी 3-3 बरोबरी. खेळाडूंचं अर्धं लक्ष प्रेक्षकांतल्या मुलींकडे. सामना संपल्यावर ब्रुक्सनी सगळ्यांना बर्फावरच थांबवून गोल लाइनवर उभं केलं. तिथून जवळच्या निळ्या रेषेपर्यंत जाऊन परत, मग मधल्या लाल रेषेपर्यंत, मग पलीकडच्या निळ्या रेषेपर्यंत आणि शेवटी समोरच्या गोल लाइनपर्यंत, दर वेळी परत. 200 फुटी रिंकवर एका फेरीचे साधारण 270 मीटर होतात. अंतरापेक्षा जीव जातो तो सात वेळा करकचून थांबून पुन्हा वेग घेण्यात. रिंकवाल्यानं दिवे घालवले तरी अंधारात फेऱ्या चालूच. चित्रपटात कर्णधार देशाचं नाव घेतो आणि शिक्षा थांबते; ती पटकथाकाराची करामत. दुसऱ्या रात्री त्याच नॉर्वेला त्यांनी धुऊन काढलं, हे मात्र खरं.

लोक एवढंच पाहतात. मला लेक प्लॅसिडमधला, म्हणजे प्रत्यक्ष ऑलिम्पिकमधला, स्वीडनविरुद्धचा पहिला सामना जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉब मॅक्लॅनहनच्या मांडीला जबर मार बसला होता. मध्यंतरात ब्रुक्सनी त्याला सगळ्यांसमोर भेकड ठरवलं, खोलीत हमरीतुमरी झाली, तो चिडून खेळायला उतरला आणि शेवटची 27 सेकंद उरली असताना 2-2 अशी बरोबरी झाली. आता यातली मेख बघा. मॅक्लॅनहन मिनेसोटाचा, म्हणजे ब्रुक्सच्याच हाताखाली घडलेला. तो डिवचला की पेटतो हे त्यांना ठाऊक होतं. खेळल्यानं दुखापत वाढणार नाही, हे डॉक्टरांकडून आधी कळलेलं होतं. म्हणजे रागसुद्धा मोजूनमापून. तो डॉक्टर, जॉर्ज नागोबाड्स, सोव्हिएत संघाविरुद्ध बाकावर स्टॉपवॉच घेऊन उभा होता, कारण एकत्र उतरणारी खेळाडूंची कोणतीही फळी बर्फावर चाळीसेक सेकंदांपेक्षा जास्त राहू द्यायची नव्हती. ताज्या पायांनी तो सामना 4-3 जिंकला.

संघात मिनेसोटाचे नऊ आणि बोस्टन युनिव्हर्सिटीचे चार. या दोन विद्यापीठांत 1976 च्या उपांत्य सामन्यात तुंबळ हाणामारी झालेली. त्यांना एकत्र आणायला ब्रुक्सनी स्वतःलाच सगळ्यांचा शत्रू करून घेतलं, पण मलमपट्टीला क्रेग पॅट्रिक हा साहाय्यक ठेवला. तुमच्याकडे असा माणूस नसेल तर या वाटेला जाऊच नका.

आणि कडक असल्याशिवाय निकाल येत नाहीत म्हणणाऱ्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाचा प्रशिक्षक बॉब जॉन्सन याच्याकडे बघावं. सदा हसतमुख, उत्साही माणूस. विजेतेपदं 1973, 1977, 1981. मोजा, ब्रुक्सइतकीच तीन. ब्रुक्सशी त्याचं पटत नसे, तरी त्याचाच मुलगा मार्क 1980 च्या संघात सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) मानकरी ठरला आणि सोव्हिएत संघावर त्यानं दोन गोल केले.

राहिला टर्फचा प्रश्न. तीच फेरी फील्ड हॉकीच्या 91.40 मीटर मैदानावर घेतली तर 457 मीटर होतात, तेही घसरत नाही, धावत. बर्फावर जांघेचे स्नायू कामी येतात. इथे हॅमस्ट्रिंग आणि पोटरी जाते, टर्फ कोरडं असेल तर घोटासुद्धा. म्हणून पहिले दोनच टप्पे घ्या: 23 मीटरची रेषा आणि परत, मध्यरेषा आणि परत. 137 मीटर, साधारण अर्धा मिनिट. मग दीड मिनिट विश्रांती, अशा सहा फेऱ्या. थांबताना कुणी सरळ उभा राहून वळायला लागला, गुडघे वाकेनासे झाले, की त्याला बाहेर काढा. सामना हरल्यावर शिक्षा म्हणून तर नकोच. दमलेल्या पायांवरच स्नायू फाटतात.

हो, एक राहिलं. हाच खाक्या व्यावसायिक हॉकीत तितका टिकला नाही. न्यूयॉर्क रेंजर्सकडे सुरुवात झकास झाली, पण 1985 मध्ये नारळ मिळाला; मिनेसोटा नॉर्थ स्टार्सकडे आणि न्यू जर्सीकडे एकेकच हंगाम. 1980 चा संघ काही महिन्यांसाठी जमवलेला होता, मुलं विशीच्या आगेमागे, आणि फेब्रुवारीत ऑलिम्पिक संपल्यावर ब्रुक्सचं तोंड पाहायची वेळ कुणावरच येणार नव्हती. तुमची मुलं तीन वर्षं रोज सकाळी तुमच्यासमोर येणार आहेत.