चिऱ्याची (जांभ्या दगडाची) पूड पाण्यातलं फॉस्फेट शोषायला वापरायची आहे. आधी भाजावी की आधी लोह चढवावं?

आधी भाजा, मग लोह चढवा.

गोव्याच्या चिऱ्यात गोएथाइट (पाणी धरून ठेवलेलं पिवळट लोहखनिज) आणि केओलिनाइट (पांढरी चिकणमाती) दोन्ही असतात. साधारण ३०० अंश सेल्सिअसला दोन तास ठेवलं की गोएथाइटमधलं पाणी निघून हेमॅटाइट (लाल लोह ऑक्साइड) बनतं, पिवळट पूड लाल होते. पाणी गेलेल्या जागी अतिसूक्ष्म छिद्रं पडतात आणि पृष्ठफळ वाढतं. ६००च्या पुढे गेलात तर कण एकमेकांना चिकटतात, छिद्रं बुजतात. लाल रंग तसाच राहतो, त्यामुळे नुसतं बघून हे कळत नाही.

मग १०० ग्रॅम पुडीला १० ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट घ्या. म्हणजे सुमारे २ ग्रॅम लोह. पूड जेमतेम शोषेल एवढ्याच पाण्यात ते विरघळवून मिसळा. जास्त पाणी झालं तर लोह आत न शिरता वर साका बनून बसतं. नंतर कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण थेंबाथेंबाने घालून सामू (pH) ७ च्या आसपास आणा.

धुणं मात्र मनापासून करा: धुवणात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पांढरट गढूळपणा येईनासा होईपर्यंत, म्हणजे उरलेलं क्लोराइड निघून जाईपर्यंत. शेवटी फक्त १०५ अंशाला सुकवा. पुन्हा भट्टीत घालू नका, कारण फॉस्फेट धरणारे पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल (OH) गटच कमी होतात.

आपल्या पावसाळ्यात उघडी पूड हवेतली ओल ओढते, वजन चुकतं. घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलसोबत ठेवा.