कांद्याच्या मुळात क्रॉसिंग ओव्हर का दिसत नाही?

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड केली, अवस्था ओळखता आल्या, पण क्रॉसिंग ओव्हर (जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल) कुठंच सापडलं नाही, असं तुम्ही विचारलंय.

स्लाइड बरोबर आहे, जागा चुकली. मुळाच्या टोकाला फक्त मायटोसिस चालतं. मराठी माध्यमातून दहावी केली असेल तर सूत्री विभाजन. तिथं 16 गुणसूत्रं एकेकटी मध्यावर येतात, त्यांची अर्धगुणसूत्रं (प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे) सुटतात आणि दोन्ही टोकांना 16-16 जातात. जोड्याच जुळत नाहीत, मग अदलाबदल कशाची व्हायची?

जोड्या जुळतात त्या मिऑसिसमध्ये, म्हणजे अर्धगुणसूत्री विभाजनात, आणि ते फुलाच्या परागकोशात चालतं. ते बघायचं तर डेंगळे (फुलांचे दांडे) आलेला कांदा शोधा. रविवार पेठेतून आणलेल्या कांद्याचा इथं उपयोग नाही, शेतातच जावं लागेल. गेंद (फुलांचा गोल गुच्छ) फुलायच्या आत सकाळीच तोडा. 3 भाग अल्कोहोल आणि 1 भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड त्याच दिवशी मिसळा, कळ्या 24 तास त्यात ठेवा आणि मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये काढा. ॲसिड हाताला लागू देऊ नका.

कळीतला परागकोश ॲसिटोकार्मिनच्या (गुणसूत्रं रंगवणाऱ्या लाल रंगाच्या) थेंबात सुईनं फोडा, सालपटं काढून टाका, कव्हर स्लिप ठेवून किंचित गरम करा (उकळलं की संपलं) आणि टिपकागदाखाली अंगठ्यानं दाबा. दाबताना कव्हर स्लिप सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात, दुसरी स्लाइड करावी लागते.

बहुतेकांचं घोडं अडतं ते कळीच्या वयावर. परागकोश पिवळा झाला असेल तर आत तयार परागकणच मिळतील. लहान, हिरवट-पारदर्शक परागकोश घ्या. एकाच गेंदात वेगवेगळ्या वयाच्या कळ्या असतात, म्हणून चार-पाच आकारांच्या कळ्या तपासा.

पहिल्या मध्यावस्थेत 16 सुटी नाही, 8 जोड्या मोजता आल्या की तुम्ही योग्य ठिकाणी आहात. पश्चावस्थेत टोकांना 8-8 जातात. दुसऱ्या विभाजनात मग अर्धगुणसूत्रं वेगळी होऊन चार पेशी तयार होतात.

एक मात्र लक्षात घ्या: प्रत्यक्ष अदलाबदल त्याआधीच, पूर्वावस्थेतल्या पॅकिटीन टप्प्यात उरकलेली असते आणि ती साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. त्यानंतरच्या डिप्लोटीन टप्प्यापासून पुढं जोडीत फुलीसारखे किंवा कड्यासारखे आकार दिसतात. ते कायझमा, म्हणजे झालेल्या अदलाबदलीची खूण. जर्नलमध्ये चित्राखाली तेच नाव लिहा, क्रॉसिंग ओव्हर नको.