गुरूंनी मेळाव्यात ‘त्या घराशी संबंध तोडा’ असं सांगितलं, तर ते धर्मस्वातंत्र्य की गुन्हा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: समाजाच्या मेळाव्यात गुरूंनी जातीबाहेरच्या लग्नांवर कडक टीका केली आणि शेवटी एका कुटुंबाचं नाव घेऊन त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार बंद करायला सांगितलं. हरकत घेतली की पंच घटनेचं कलम 25, म्हणजे धर्मस्वातंत्र्याचा हक्क, पुढे करतात. मग कायदा कुणाच्या बाजूने?

भाषणाचे दोन तुकडे करा, कारण कायदाही तसेच करतो. ‘जातीबाहेर लग्न करणं आमच्या धर्मात पाप आहे’ हे मत आहे. तुम्हाला कितीही झोंबलं तरी त्यावर गुन्हा होत नाही आणि होऊही नये. ‘अमक्याच्या घरी पाणी पिऊ नका, जो जाईल त्यालाही दंड’ हा हुकूम आहे, आणि महाराष्ट्रात असा हुकूम सोडणं गुन्हा आहे.

हा फरक घटनेतच आहे. कलम 19(2) मध्ये भाषणावर बंधन घालण्याची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी वगैरे. ‘भेदभाव’ किंवा ‘भावना दुखावणं’ त्या यादीत नाही. ‘अपराधाला चिथावणी’ मात्र आहे. म्हणजे एखादी कृती कायद्याने अपराध ठरली की ती करायला लावणाऱ्या भाषणाचं कवच गळून पडतं, ते भाषण व्यासपीठावरून होवो वा प्रार्थनास्थळातून. कलम 25 सुद्धा पंच सांगतात तेवढं मोकळं नाही. त्याची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि या भागातील इतर तरतुदींना अधीन राहून’ अशी आहे, आणि पुढे समाजसुधारणेसाठी कायदा करायची मुभा सरकारला दिली आहे. पंच नेमका हाच भाग वाचत नाहीत.

तुमच्या कामाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण अधिनियम. विधिमंडळाने तो 2016 साली मंजूर केला, लागू झाला जुलै 2017 मध्ये. कोकणातली गावकी आणि ठिकठिकाणच्या जातपंचायती लोकांना वाळीत टाकत होत्या, त्या प्रकरणांतून तो आला. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणी देणारा आणि मदत करणाराही यात सापडतो. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणून पोलिसांनी थेट एफआयआर घ्यायला हवा. पण तो जामीनपात्रही आहे. तक्रार केल्यावर पंच त्याच दिवशी घरी परत आले तर केस बुडाली असं समजू नका. पुष्कळ कुटुंबं तिथेच खचतात आणि तक्रार मागे घेतात.

या कायद्याच्या कलम 3 मध्ये बहिष्कार कशाला म्हणायचं ते कृतीनिशी दिलं आहे: धार्मिक विधी किंवा लग्न-अंत्यविधीपासून रोखणं, समाजमंदिर, स्मशान वा प्रार्थनास्थळ वापरू न देणं, धंदा-व्यवहार तोडायला लावणं, मुलांना एकमेकांत खेळू न देणं, समाजातून काढून टाकणं. त्यामुळे तक्रारीत ‘आमच्या भावना दुखावल्या, आमचा अपमान झाला’ असं लिहू नका. ठाणेदार ते वाचून अदखलपात्र नोंद करतो आणि हातात पावती ठेवतो. असं लिहा: ‘अमुक तारखेला संध्याकाळी साधारण सात वाजता, समाजमंदिरात, सुमारे शंभर लोकांसमोर, श्री. अमुक यांनी माइकवरून पुढील शब्द उच्चारले...’ शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. मग परिणाम, एकेक, तारखेसह: कोणत्या किराणावाल्याने माल नाकारला, कुणाच्या वर्षश्राद्धाला कोण आलं नाही आणि न येण्याचं कारण काय सांगितलं, पाण्याच्या टाकीवर काय झालं. कलम 3 मधली कोणती कृती कोणत्या तारखेला झाली हे कागदावर जुळलं की ठाण्यात नाही म्हणणं अवघड जातं.

पुरावा हीच या केसेसची दुखरी जागा. बैठकीचं इतिवृत्त कुणी ठेवत नाही. दंडाची पावती फाडलीच तर ती ‘देणगी’ म्हणून, ट्रस्टच्या नावाने. ती पावती जपून ठेवा. एकाच आठवड्यात एकाच घराकडून गोल रकमेची ‘देणगी’ आली आणि लगेच त्यांना परत समाजात घेतलं, हा क्रम न्यायालयात बोलतो. धमकावून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचं कलम 308, म्हणजे खंडणी, तेही तक्रारीत घाला. मेळाव्याचा व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲपवरचा आवाज असेल तर ज्या फोनवर तो मूळ आला किंवा रेकॉर्ड झाला तो फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. फॉरवर्ड केलेली प्रत कमकुवत ठरते. न्यायालयात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फाइलची हॅश संख्या (फाइलमध्ये फेरफार झाला की बदलणारी ओळख-संख्या) असते, एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, कारण ऐन सुनावणीत यावरून घोळ होतो.

एफआयआर घेतला नाही तर तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा आणि पोच ठेवा. तिथेही हालचाल झाली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जा. बहिष्काराच्या कायद्यात थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करायची सोय आहेच. पुन्हा तशी बैठक भरणार अशी कुणकुण लागली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, ती रोखण्याचे अधिकार त्यांना दिले आहेत. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आता पंचांच्या वकिलाचं हुकमी पान. मुंबई प्रांताने 1949 साली समाजबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी तो रद्द केला. धर्माच्या शिस्तीसाठी बहिष्कृत करणं हा संप्रदायाचा कलम 26 खालचा, म्हणजे आपले धार्मिक व्यवहार स्वतः चालवण्याचा, हक्क आहे, असं बहुमत. विरोधी मत होतं सरन्यायाधीश सिन्हा यांचं, आणि मला ते आजही जास्त पटतं: ज्याला वाळीत टाकलं त्याचे माणूस म्हणून हक्क जातात, तो निव्वळ धर्माचा अंतर्गत मामला राहत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये 5 न्यायाधीशांच्या पीठाने या निकालाचा फेरविचार 9 जणांच्या पीठाकडे सोपवला. व्यवहारात याचा अर्थ काय? तो निकाल एका संप्रदायाच्या धर्मप्रमुखाच्या, धार्मिक कारणासाठी वापरलेल्या अधिकाराबद्दल होता. दंड वसूल करणारे पंच किंवा वाणसामान बंद करणारी गावकी यांना तो आपोआप लागू होत नाही. म्हणून तक्रारीत भर लौकिक गोष्टींवर द्या: दुकान, पाणी, शाळा, स्मशान, पैसे. ‘दीक्षा दिली नाही’, ‘गुरूंनी आशीर्वाद नाकारला’ यावर केस उभी करू नका, ती तिथेच अडकेल.

2016 च्या बहिष्कारविरोधी कायद्याची एक मर्यादा अनेकांना ठाऊक नसते. तो आपल्याच समाजाच्या माणसावर टाकलेल्या बहिष्कारापुरता आहे. ‘त्या धर्माच्या लोकांच्या दुकानातून काही घेऊ नका’ असं सभेत कुणी सांगितलं तर हा कायदा नव्हे, भारतीय न्याय संहितेचं कलम 196, म्हणजे समाजगटांत वैर पसरवणं, पाहावं लागतं. त्यात पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, पण न्यायालयाने दखल घेण्यासाठी सरकारची मंजुरी लागते, आणि फायली तिथेच धूळ खातात. बळी अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार टाकणारे त्याबाहेरचे असतील तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लावा. त्यात सामाजिक-आर्थिक बहिष्कार आणि त्याची धमकी हा वेगळा गुन्हा आहे, शिक्षा 6 महिने ते 5 वर्षे, आणि तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

मत आणि हुकूम ही विभागणी एका ठिकाणी कायदा स्वतःच मोडतो: अस्पृश्यता. नागरी हक्क संरक्षण अधिनियम 1955 च्या कलम 7 नुसार अस्पृश्यतेचं धार्मिक, तात्त्विक किंवा ऐतिहासिक कारणं देऊन समर्थन करणं, हेच तिला उत्तेजन मानलं जातं. कुणाचं नाव घेतलं नाही, हुकूम सोडला नाही, तरीही. शिक्षा मात्र 1 ते 6 महिने आणि दंड 100 ते 500 रुपये. कागदावर एवढा कडक नियम आणि दंड एका जेवणाच्या बिलाइतका!

उलट, घर भाड्याने किंवा विकत देताना खासगी मालक धर्म पाहून नकार देतो, तिथे सरसकट लागू होणारा भेदभावविरोधी कायदा आपल्याकडे नाही. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला.

आणि तुमच्या प्रकरणात, चुलत्याने स्वतःच्या मनाने मुंजीचं आमंत्रण दिलं नाही तर त्याला आरोपी करू नका. तो त्याचा हक्क आहे. त्याला तसं करायला कुणी सांगितलं, आणि न ऐकल्यास काय होईल म्हणून सांगितलं, हे तो लिहून द्यायला तयार असेल तर तुमचा सर्वांत उपयोगी साक्षीदार तोच. पुढे पंच तडजोडीला आले तर ती तुमची संमती आणि न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय होत नाही. समाजमंदिरात ‘मिटलं’ म्हणून सही करू नका. बहिष्कार मागे घेतल्याची घोषणा ज्या माइकवरून तो लादला त्याच माइकवरून व्हावी, अशी अट न्यायालयासमोर घाला.